तिसऱ्या फेरीआधीचे तीन महिने

आयव्हीएफची (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात ठेवण्याच्या उपचाराची) एखादी फेरी अयशस्वी झाल्यानंतर जी जोडपी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यांतील बहुतेक स्त्रिया पहिल्या अर्ध्या तासातच एक प्रश्न विचारतात: "पुढच्या वेळेआधी मी माझ्यात काय सुधारू?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला वैद्यकशास्त्राकडे बऱ्यापैकी ठोस उत्तरही आहे. पण त्यातल्या 'मी' आणि 'माझ्यात' या दोन शब्दांकडे माझे लक्ष आधी जाते, कारण मागचे अपयश आपल्याच शरीराच्या दोषामुळे आले, ही कबुली त्यांत दडलेली असते. आज एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार कुटुंबातील हे जोडपे जूनच्या अखेरीस माझ्याकडे नाशिकला आले. तिचे वय ३३, त्यांचे ३७, लग्नाला सात वर्षे झालेली. पहिल्या फेरीत गर्भ रुजला नव्हता. दुसऱ्या फेरीत बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली, घरात पेढे वाटले गेले आणि सातव्या आठवड्यात गर्भपात झाला. गोठवलेला एकही गर्भ शिल्लक नसल्यामुळे आता स्त्रीबीजे वाढवण्याच्या इंजेक्शनांपासून पुन्हा सुरुवात करायची होती, आणि त्याआधी तब्येत सुधारा, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते.

तिने पिशवीतून एक वही काढली. त्या वहीत तिने गर्भपाताच्या आधीच्या दहा दिवसांचा हिशेब मांडला होता: कोणत्या दिवशी पाण्याचा हंडा उचलला, कोणत्या दिवशी दोन जिने चढले, कोणत्या दिवशी जावेच्या बोलण्याने रडू आले. मी ती वही पूर्ण वाचली. मग तिला सांगितले की पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भातील गुणसूत्रांच्या बिघाडामुळे होतात, तो बिघाड गर्भ तयार होतानाच आलेला असतो आणि हंड्याने किंवा जिन्याने तो येत नाही. मन शांत नव्हते म्हणून गर्भ राहिला नाही, असे नातेवाईक सांगतात. परंतु अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही उपचारापूर्वीच्या ताणामुळे आयव्हीएफचे यश कमी होते, असे आढळलेले नाही. ताण कमी करायचा तो तिला बरे वाटावे म्हणून. त्याचा संबंध निकालाशी जोडला, तर दुःख करणे हादेखील तिचा अपराध ठरतो.

हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वहीचे कोरे पान उघडले आणि म्हणाली, "आता काय करायचे ते लिहून द्या, मॅडम. मी सगळे पाळीन."

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. डॉक्टरांच्या सूचनांच्या आधाराने मी तिला एक यादी करून दिली आणि तिचे यजमान त्या वेळी बाहेर गाडीत बसले होते, याकडे दुर्लक्ष केले. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा माझ्या यादीचे तिने व्रत केलेले होते. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि चतुर्थी हे उपवास आधीपासून होते; त्यात चातुर्मास लागला म्हणून एकभुक्त राहणे तिने वाढवले होते. वजन दीड किलो उतरले होते, पण चक्कर येत होती, आणि उपवासाचे जेवण म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर आणि चार वेळा चहा. "एवढे केल्यावर तरी देव देईल," असे ती म्हणाली. मूल मिळवण्यासाठी शरीराला शिक्षा करायची, हा अर्थ तिने माझ्याच कागदातून काढला होता.

त्या दिवशी आम्ही तिचे रिपोर्ट नव्याने, एकेक करून वाचले. हिमोग्लोबिन ९.८ होते; गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते किमान १२ असायला हवे. लोहाची गोळी ती महिनोन्महिने घेत होती, तरी आकडा हलत नव्हता. गोळी कशी घेता, असे विचारल्यावर कळले की सकाळी थायरॉइडची आणि लोहाची अशा दोन्ही गोळ्या ती चहासोबत एकदमच घेत असे. चहा लोह शरीरात नीट शोषू देत नाही आणि लोह थायरॉइडच्या औषधाला अडवते. म्हणजे दोन्ही गोळ्या नियमित पोटात जात होत्या आणि बऱ्याच अंशी वाया जात होत्या. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, लोहाची त्यानंतर किमान चार तासांनी लिंबूपाण्यासोबत आणि चहा दोन्हींपासून दूर, असे वेळापत्रक तिच्या डॉक्टरांनी बांधून दिले. थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे तिचे टीएसएच ४.८ होते, ते २.५ च्या आत आणायचे होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी ६.२ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे होते. गर्भपातानंतर फॉलिक ॲसिड तिने 'आता कशाला' म्हणून बंद केले होते, ते पुन्हा सुरू झाले. ही गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून हवी असते, कारण बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम असली, तरी मधुमेह, फिटची औषधे किंवा आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असेल तर ती बरीच वाढवावी लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवावी. एका नातेवाइकांनी दिलेल्या पुड्याही ती घेत होती. त्या मी तिला डॉक्टरांना नेऊन दाखवायला सांगितल्या, आणि त्यात काय आहे हे कळत नाही म्हणून त्यांनी त्या थांबवल्या.

वजनाविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण याच मुद्द्यावर सर्वांत जास्त अपमान सोसून स्त्रिया येतात. तिची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो होते, शिवाय पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी आणि बीजनिर्मिती अनियमित होण्याचा विकार. अशा वेळी वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी पाळी आणि बीजनिर्मिती सुधारू शकते. तिच्या बाबतीत याचा अर्थ चार ते सात किलो. त्यापेक्षा मोठे उद्दिष्ट मी मुद्दाम ठेवू दिले नाही. वजन उतरवले की मूल होतेच, असे संशोधन सांगत नाही. गरोदरपणातील साखर आणि रक्तदाब यांचा धोका मात्र त्यामुळे कमी होऊ शकतो. आणि वय थांबत नाही. ३३ व्या वर्षी तीन महिने थांबणे परवडते. हीच स्त्री ३९ वर्षांची असती आणि तिचा एएमएच (शिल्लक स्त्रीबीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी असता, तर वजनासाठी सहा-आठ महिने थांबण्याने जेवढे कमावले त्यापेक्षा जास्त गमावले असते. म्हणून तयारीच्या पहिल्याच दिवशी ती तयारी संपवण्याची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

उपवास सोडा, असे मी तिला म्हटले नाही. ते मी म्हणू नये आणि म्हटले असते तरी तिने ऐकले नसते. आठवड्यातून एकच उपवास ठेवायचा, त्या दिवशी साबुदाण्याऐवजी भगर किंवा राजगिरा, सोबत दही, शेंगदाणे आणि ताक घ्यायचे, असे ठरले. इतर दिवशी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि अंडी. तिच्या सासूबाईंनी सोळा सोमवारांचे उद्यापन बाळ झाल्यावर करू, असे स्वतःहून सांगितले. माझ्या समजावण्यापेक्षा त्या वाक्याचा उपयोग अधिक झाला. संध्याकाळी पाटाच्या रस्त्याने जावेसोबत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालणे सुरू झाले. शेतातल्या बाईने वेगळे चालायला जावे हे तिला आधी विचित्र वाटत होते, परंतु वाकून केलेले काम आणि दमछाक होईल असे सलग चालणे यांचा शरीरावर होणारा परिणाम वेगळा असतो.

पुढच्या भेटीला यजमान आत येणार असतील तरच या, असा निरोप मी दिला. ते आले आणि अवघडून बसले. त्यांच्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या काठावर आणि हालचाल कमी होती, तरी दोन फेऱ्यांमध्ये त्यांच्या दिनक्रमाविषयी कोणी फारसे विचारले नव्हते, आणि पहिल्यांदा मीही नाही. ते दिवसातून सहा-सात वेळा तंबाखू मळत. शेतीची वीज रात्रीची असली की पहाटेपर्यंत जागत. डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठीची फवारणी ते ट्रॅक्टरवर बसून, तोंडाला उपरणे गुंडाळून, हातमोज्यांशिवाय करत, आणि फवारणीचे ते ओले कपडे ती हाताने धूत असे. तंबाखू शुक्राणूंना बाधते हे पक्के ठाऊक आहे. कीटकनाशकांशी सतत येणाऱ्या संपर्काचाही शुक्राणूंच्या खालावलेल्या दर्जाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७४ दिवस लागतात आणि स्त्रीबीजाची शेवटची वाढही जवळजवळ तीन महिने चालते, हे मी त्यांना सांगत होते. तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे एप्रिल छाटणीसारखे." द्राक्षाचा घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण तो काडीच्या डोळ्यात तयार होतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत. त्या काळात बागेची हेळसांड झाली, तर ऑक्टोबरनंतर कितीही खत-पाणी घातले तरी गेलेला घड परत येत नाही. हे सगळे त्यांनीच मला समजावून सांगितले, आणि मग थोडे थांबून, "आम्ही दोन्ही वेळेस फक्त ऑक्टोबरच सांभाळला," असे म्हणाले. त्यानंतर त्यांच्या डोळ्याला डोळा देणे तिला जमले. तोवर ती खाली पाहूनच बोलत होती.

आधी त्यांना उपचार एप्रिलमध्ये, माल निघाल्यावर घ्यायचे होते. आता त्यांनीच हिशेब मांडला की जुलै ते सप्टेंबर या काळात फवारे तुलनेने कमी असतात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर ते एकामागून एक सुरू होतात. म्हणून स्त्रीबीजे काढण्याची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच हवी. फवारणी गड्यावर सोपवतो, असे ते म्हणाले, तेव्हा मला राहवले नाही. त्या गड्यालाही घरसंसार आहे. अखेर हातमोजे, मास्क, चष्मा आणि ॲप्रन असे दोन संच घेतले गेले, आणि फवारणीचे कपडे जो फवारेल त्याने शेतावरच वेगळे धुवायचे ठरले. तंबाखू सुटायला पाच आठवडे लागले आणि मध्ये दोनदा पुन्हा सुरू झाली. दोन्ही वेळा त्यांनी ते तिला स्वतः सांगितले.

सप्टेंबरच्या शेवटी तिचे वजन ७० किलो, हिमोग्लोबिन ११.९ आणि टीएसएच २.१ होते. त्यांच्या शुक्राणूंची हालचाल सुधारली होती, संख्या जवळपास तेवढीच होती. ऑक्टोबरमध्ये तीन चांगले गर्भ तयार झाले. मागच्या वेळी एकच झाला होता. हा फरक तयारीमुळे पडला की औषधांच्या बदललेल्या मात्रेमुळे, हे एका जोडप्यावरून सांगता येत नाही आणि मी ते सांगणार नाही. नोव्हेंबरमध्ये पहिला गर्भ गर्भाशयात सोडला. तो रुजला नाही.

डिसेंबरमध्ये दोघे आले. ती रडली, तेही रडले. या वेळी तिने वही आणली नव्हती. दोन गर्भ गोठवलेले होते आणि तिला एवढेच विचारायचे होते की आता पुन्हा तीन महिने थांबायचे का. मी सांगितले की बीज आणि शुक्राणू यांचे काम त्या गर्भांपुरते झालेले आहे, त्यात आता आपल्याला काही घालता येत नाही आणि काही बिघडवताही येत नाही. आता तयारी फक्त ज्या शरीरात गर्भ ठेवायचा त्याची. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर पुन्हा तपासावी, फॉलिक ॲसिड आणि चालणे चालू ठेवावे, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा जावे. डॉक्टरांनी जानेवारीचा तिसरा आठवडा सुचवला होता. तेव्हा बागेत घडांत पाणी उतरत असते, म्हणजे घड पिकू लागतात, आणि घरातून कोणाला हलता येत नाही, हे मला आता ठाऊक झाले होते. त्यांनी मोबाइल काढला, धाकट्या भावाला फोन लावला आणि त्या आठवड्यात बाग तू पाहा, असे सांगून तारीख पक्की केली.