नास्तिकता हासुद्धा एक धर्मच आहे का? नास्तिक लोक इतरांना आपल्या बाजूला ओढू पाहतात का?

मी स्वतः नास्तिक आहे, हे आधीच सांगतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, बरेच जण ओढू पाहतात. २००९ साली लंडनच्या बसगाड्यांवर 'देव बहुधा नाहीच, तेव्हा काळजी सोडा आणि आयुष्य मजेत जगा' अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या, त्याही वर्गणी गोळा करून. पण दुसऱ्याला पटवायची धडपड ही काही धर्माची खूण नव्हे. पारशी समाज धर्मप्रसार करत नाही, ज्यू सहसा करत नाहीत, तरी त्यांचे धर्म आहेतच. आणि लस घ्या म्हणून दारोदार फिरणाऱ्या डॉक्टरला कुणी धर्मगुरू म्हणत नाही.

बरं, धर्माला देव लागतोच असंही नाही. जैन आणि बौद्ध परंपरेत जगाचा निर्माता ईश्वर नाही. पण तिथे ग्रंथ आहेत, दीक्षा आहे, संघ आहे, कसं जगावं याची सविस्तर शिकवण आहे. नास्तिकतेत यातलं काहीच नाही. कार्ल मार्क्स नास्तिक होता आणि भांडवलशाहीची कट्टर समर्थक लेखिका आयन रँडसुद्धा. खासगी मालमत्तेबद्दल दोघांची मतं पार दोन टोकांची. देव नाही, एवढं म्हणून झालं की पुढचा रस्ता ज्याचा त्याने शोधायचा.

तरीही हा आरोप झटकून टाकणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. देवाला वगळणाऱ्यांनीही धर्माची रूपं उभी केली आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत, नोव्हेंबर १७९३ मध्ये, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं विवेकाचं मंदिर करून तिथे उत्सव झाला. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँतने 'मानवतेचा धर्म'च काढला. त्याच्या कॅलेंडरात २८ दिवसांचे १३ महिने होते आणि त्यांना होमर, ॲरिस्टॉटल, शेक्सपिअर अशी नावं. काँतच्या या धर्माने कुणाचं काही बिघडलं नाही. अल्बेनियात मात्र १९६७ साली सरकारने चर्च आणि मशिदी बंद पाडल्या, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं. अशा नास्तिकतेशी मला काहीही कर्तव्य नाही.

पण सत्ता हातात नसतानाही हे घडू शकतं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. आमच्या ओळखीतल्या एका विवेकवादी गटात एकाची आई वारली. तिच्या इच्छेप्रमाणे त्याने सगळे धार्मिक विधी केले. पुढच्या बैठकीत त्याच्याकडे जाब मागितला गेला. तो हातातल्या कागदाची घडी घालत होता, उलगडत होता. "तिला शब्द दिला होता," एवढंच म्हणाला. त्यावर एकजण म्हणाला, "मग तत्त्वाचं काय?" आई किती दिवस आजारी होती, हे कुणीही विचारलं नाही. देवाचं नाव कुणी घेत नव्हतं, पण मागत होते ते प्रायश्चित्तच. तुम्ही असे नास्तिक पाहून हा प्रश्न विचारला असेल, तर तुमची शंका रास्त आहे.

मग मी गप्प का बसत नाही? कारण काही देशांत धर्म सोडला म्हणून आजही मृत्युदंड होऊ शकतो. देव आणि परलोक न मानणाऱ्या प्राचीन भारतातल्या चार्वाकांचं म्हणणं तर आपल्याला मुख्यतः त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या ग्रंथांतूनच कळतं. त्यांचे स्वतःचे ग्रंथ जवळपास सगळे गेले. आणि अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात रॉय टोर्कासो या माणसाला नोटरीचं पद नाकारलं गेलं, का, तर देव मानतो असं जाहीर करायला त्याने नकार दिला. तो कोर्टात गेला, राज्यातल्या न्यायालयांत हरला, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती अट घटनाबाह्य ठरवली. तिथल्या कुणाही आस्तिकाला त्याने देव सोडायला सांगितलं नव्हतं. त्याला फक्त नोटरी व्हायचं होतं.