घरच्या घरी टॅपेट जुळवताना कोणती हत्यारे हवीत?

प्रश्न : माझी १२५ सीसीची मोटारसायकल कसारा घाट चढून नाशिकला परतल्यावर टकटक आवाज करते. टॅपेट घरीच जुळवण्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : टॅपेट जुळवणे म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट ठरवणे. आपल्या इंजिनाला स्क्रू व तो जखडणाऱ्या लॉकनटचे टॅपेट असतील, तर हे काम घरी करता येते, शिमची (फट ठरवणाऱ्या पातळ चकत्यांची) रचना असल्यास ते कार्यशाळेकडे सोपवणेच मी योग्य मानतो. सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे फिलर गेज (फट मोजणाऱ्या पात्यांचा संच), आणि तो घेताना ०.०५ मिलिमीटरपासूनची पाती त्यात आहेत ना, हे अवश्य पाहावे, कारण स्पार्क प्लगसाठी मिळणाऱ्या साध्या गेजमध्ये इतकी पातळ पाती बहुधा नसतात. त्याखेरीज लॉकनटच्या मापाचा रिंग पाना आणि स्क्रूचे चौकोनी टोक पकडणारी टॅपेट चावी लागते. पक्कडीने ते टोक झिजते, म्हणून ती मुळीच वापरू नये.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) आवरणावरच्या खुणेशी जुळवल्यावर व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर किंचित हलतात, याची खात्री करावी. हलत नसतील, तर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. फटीचे माप माहितीपुस्तिकेतलेच घ्यावे. पाते हलका अडसर जाणवत सरकले पाहिजे. नट आवळताना स्क्रू हमखास फिरतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजावे. आवाज पूर्ण घालवण्यासाठी फट कमी करू नये, कारण एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर तो जळतो.