लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडून गाणी ऐकतो. वेगळा डॅक घेतला तर आवाज सुधारेल का?

तुमच्या वर्णनावरून, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वायर थेट अ‍ॅम्पला गेली आहे, मागे सतत बारीक खरखर ऐकू येते आणि गाणी ‘सपाट’ वाटतात. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या (अ‍ॅनालॉग) विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण; तो पहिलीवर बहुधा उपाय आहे, दुसरीवर सहसा नाही.

आधी खरखरीचं मूळ शोधा. गाणं थांबवा, अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि माऊस हलवा किंवा एखादं लांबलचक पान सरकवा. त्याबरोबर चिरचिर बदलत असेल, तर लॅपटॉपच्या आतला विजेचा गोंगाट जॅकच्या अ‍ॅनालॉग सर्किटमध्ये झिरपतोय. रूपांतराचं काम त्या खोक्याबाहेर नेलं की हा त्रास बहुतेक वेळा जातो. आता चार्जर काढून बघा. बॅटरीवर आवाज एकदम स्वच्छ झाला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणं एकाहून जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली गेल्याने येणारी घूंघूं. इथे सावध राहा, कारण यूएसबी केबलमधूनही ग्राउंड जोडलेलाच राहतो आणि नवा डॅक आणूनही तीच घूंघूं ऐकू येऊ शकते. अशा वेळी ऑप्टिकल केबल उत्तम. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो. लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट नसेल तर मध्ये यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन विजेची जोडणी तोडणारा छोटा डबा) लावता येतो.

‘सपाट’ आवाज डॅकमुळे आहे हे मात्र मला पटत नाही. सीडीचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतो. म्हणजे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आणि २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर. तरुण, निरोगी कानही साधारण २० किलोहर्ट्झला थांबतो. एवढं काम आजचा बोटभर यूएसबी-सी डॅकही चोख करतो. खोक्यावर छापलेले ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झ हे आकडे पाहून पैसे वाढवू नका. दोन डॅकची तुलना करायचीच असेल तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा आणि कुठला चालू आहे हे न बघता ऐका. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला ‘जास्त खुला’ वाटतो; दुकानातल्या डेमोमध्ये निम्मी जादू याचीच असते.

सपाटपणाचं कारण बहुतेकदा स्पीकर आणि खोली. स्पीकर भिंतीला चिकटलेले किंवा कोपऱ्यात असतील तर खर्ज फुगतो आणि त्याखाली गाणाऱ्याचा आवाज दबतो. ते थोडे पुढे ओढा, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर आणा, दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण साधा. फुकटचा प्रयोग आहे, आजच करून बघा.

डॅक घेतलाच तर त्याचं लाइन आउट (लाल-पांढरी आरसीए सॉकेट, साधारण २ व्होल्ट) अ‍ॅम्पला द्या, हेडफोन आउट नको. जोडताना अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. मग लॅपटॉपचा पूर्ण वर करून आवाज अ‍ॅम्पवरूनच कमीजास्त करा. ब्लूटूथ स्पीकरसाठी डॅक घेऊ नका. तिथे रूपांतर स्पीकरच्या पोटात होतं, बाहेरच्या डॅकला कामच उरत नाही. पुढे कधी टीव्ही ऑप्टिकलने डॅकला जोडलात आणि काहीच वाजलं नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. साध्या स्टीरिओ डॅकला डॉल्बी कळत नाही.

आणि खरेदीआधी अ‍ॅम्पची मागची बाजू नीट पाहा. ऑप्टिकल किंवा ‘यूएसबी डॅक’ असं सॉकेट असेल तर डॅक तुमच्याकडे आहेच, फक्त केबल हवी. पुढच्या बाजूचं यूएसबी धरू नका, ते बऱ्याचदा निव्वळ पेन ड्राइव्हसाठी असतं.