उन्हाळ्यात लेकराला पाणी पाजायचं का?

प्रश्न : ताई, बाळंतपणाला माहेरी, रेणापूर तालुक्यात आलेय. लेकरू वीस दिवसांचं आहे, दर दोन तासाला रडतं. आई म्हणते, अंगावरचं दूध पुरत नाही, वरचं चालू कर. आजी म्हणते, एवढ्या उन्हात चमचाभर पाणी तरी पाज. काय करू?

उत्तर : पाणी अजिबात नको गं. लातूरकडचं ऊन मला चांगलं ठाऊक आहे. पण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, लेकरू कमी ओढतं आणि मग खरोखरच दूध कमी होतं. सहा महिने पाणी, घुटी, मध काही नको.

या वयात दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावंच लागतं. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. तसं नसेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखव.

पाजताना मात्र नीट बघ. बऱ्याच बाळंतिणी वाकून पाजतात, लेकरू नुसतं टोक चोखत राहतं. आईला भेगा पडतात, ते उपाशी राहतं. पाठीला उशी घे, त्याचं पोट तुझ्या पोटाला लाव. त्याने मोठा आ केला की जवळ ओढ. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांच्यासमोर एकदा पाज. आणि आजींना सांग, तांब्या भरून तुझ्या उशाशी ठेवा.