ऑफर घेऊ का?

"मॅडम, दुसऱ्या बँकेची ऑफर आलीय. क्रेडिट कार्डाची थकबाकी तिकडे वळवली की बारा महिने व्याज नाही. घेऊ का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. मी समुपदेशक आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. पण कर्जापायी झोप उडालेली माणसं माझ्याकडे येतात, आणि हिशेब न मांडता नुसता धीर देणं मला कधी पटलेलं नाही.

एक बाई होत्या (तपशील बदललेत, आकडे गोल केलेत). नोकरी चांगली. बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे थकबाकी अशी दुसऱ्या बँकेकडे वळवणं, याआधीही करून झालेला, तरी कर्ज वाढतच गेलेलं. घरात कुणाला पत्ता नाही.

"ट्रान्सफर झाला त्या रात्री कसं वाटलं?"

"खूप दिवसांनी शांत झोपले."

"आणि कर्ज किती कमी झालं?"

त्या ओशाळून हसल्या. "कमी कुठलं, वर फी लागली."

माणूस कशाने अडतो हे शोधताना मी आधी तो मनाशी काय बोलतो ते ऐकते. या बाई मनाशी म्हणत होत्या, 'सुटले एकदाची.' जुन्या कार्डावर थकबाकी शून्य, लिमिट पुन्हा पूर्ण मोकळी. सुटलेल्या माणसाने थोडी खरेदी केली तर बिघडलं कुठे? काही महिन्यांत जुनं कार्डही भरलं आणि नवं तर होतंच.

मग मी कागद पुढे केला आणि त्यांनाच मोठ्याने हिशेब करायला लावला. थकबाकी १,२०,०००. महिना ३ टक्के व्याज म्हणजे ३,६००. त्या दरमहा ६,००० भरत होत्या, म्हणजे मुद्दल हललं जेमतेम २,४०० नी. आता ऑफर देणाऱ्या बँकेची फीसुद्धा ३ टक्के, एका महिन्याच्या व्याजाएवढीच.

"मग ऑफर चांगलीच आहे की!"

"आहेच. पुढे करा."

फी धरून १,२३,६००. भागिले बारा, १०,३००. इथे पेन थांबलं. बराच वेळ त्या नुसत्या आकड्याकडे बघत राहिल्या. मी मुद्दामच काही बोलले नाही, अशा वेळी गप्प बसायला मी कष्टाने शिकलेय. मग त्या म्हणाल्या, "हा भागाकार मी कधी केलाच नाही. मला फक्त स्टेटमेंट उघडायची भीती घालवायची होती."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच केलं असतं.

तेव्हा ऑफर वाईट नसते. ती घेण्याआधी भागाकार करा. तो हप्ता झेपत नसेल, तर मुदतीअखेर किती उरेल आणि त्यावर कोणता दर लागेल ते बँकेकडून लेखी घ्या, कारण तो नेहमीचा चढा दर असतो. पुष्कळ ठिकाणी सवलत फक्त वळवलेल्या रकमेला असते. त्याच कार्डावर नवी खरेदी केलीत तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागू शकतं. एखादा हप्ता चुकला तर सवलतच रद्द होण्याची अट असू शकते, म्हणून ऑटो-डेबिट लावा. आणि जुन्या कार्डाचं काय करणार ते ट्रान्सफरच्या आधी ठरवा. नंतर ठरवू म्हणणारे ठरवत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बाईंना १०,३०० झेपणार नव्हते. ८,००० जमत होते, म्हणजे वर्षअखेर २७,६०० उरणार. "एक मुदत ठेव आहे," त्या चाचरत म्हणाल्या, "पण ती मोडायची तर नवऱ्याला सांगावं लागेल."

पुढचं सत्र आम्ही दोघींनी, ते कसं सांगायचं यावरच घालवलं. ऑफर त्यांनी त्यानंतरच घेतली.