जुन्या शिडाच्या होडीला आउटबोर्ड इंजिन बसवताना

प्रश्न : माझ्याकडे सुमारे 22 फूट लांबीची, 1970च्या दशकात बांधलेली फायबरग्लासची शिडाची होडी आहे. मागच्या बाजूला टू-स्ट्रोक इंजिनासाठी लावलेले जुने ब्रॅकेट सैल झाले असून त्याच्या बोल्टांभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासवरच्या चकचकीत बाहेरच्या थराला, बारीक तडे गेलेले दिसतात. आता मी 6 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन घेतले आहे. जुन्याच भोकांमध्ये नवे, अधिक मजबूत ब्रॅकेट बसवले तर चालेल का?

उत्तर : मजबूत ब्रॅकेट अवश्य घ्यावे, मात्र ते जुन्या भोकांमध्ये तसेच बसवू नये. आपल्या पत्रातील खरी चिंतेची गोष्ट ते तडे आहेत. इंजिनाचा भार शेवटी होडीच्या मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समलाच पेलावा लागतो आणि ती भिंत आतून पोकळ झाली असेल, तर कितीही भक्कम ब्रॅकेट आणले तरी ते काही दिवसांनी पुन्हा डुगडुगू लागेल.

त्या काळातील अनेक होड्यांचे ट्रान्सम फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड घालून केलेले असत. बोल्टांभोवतीचे सीलंट (फटी बुजवून पाणी अडवणारा लेप) निकामी झाले की पाणी त्या वाटेने आत झिरपते, आणि बाहेरून जेलकोट चकचकीत दिसत असतानाच आतले लाकूड कुजत जाते. म्हणून जुने ब्रॅकेट काढून टाकल्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम सर्व बाजूंनी ठोकून पाहावा. घट्ट भागातून टणक आवाज येतो, कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या भागातून बद्द. शंका आली, तर आतल्या बाजूने लहानसे भोक पाडून ड्रिलबरोबर येणारा भुसा पाहावा. तो कोरडा व फिकट असेल तर ठीक, ओला आणि काळपट असेल तर ब्रॅकेटचा विचार तूर्त बाजूला ठेवून ट्रान्समची दुरुस्ती हाती घ्यावी. ही दुरुस्ती सहसा आतल्या बाजूचा थर कापून, कुजके लाकूड खरवडून आणि नवे मरीन प्लायवूड एपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) बसवून केली जाते. ओल्या लाकडावर एपॉक्सी नीट धरत नाही, त्यामुळे ते सुकेपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

भार नेमका कसा येतो, हे समजले की पुढची कामे आपोआप स्पष्ट होतात. इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) होडीला पुढे ढकलतो तो जोर ब्रॅकेटच्या बराच खाली, पाण्यात निर्माण होतो. त्यामुळे ब्रॅकेटची खालची कड ट्रान्सममध्ये रुतू पाहते आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. इंजिन ट्रान्समच्या मागे लोंबकळत असल्याने त्याचे वजनही याच दिशेने ओढते, आणि लाटांवर होडी आपटू लागली की हा ताण कित्येक पटींनी वाढतो. 6 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन साधारण 25 ते 27 किलोंचे असते, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा काही किलोंनी जड. ब्रॅकेट निवडताना अश्वशक्तीइतकीच त्याची वजनाची मर्यादाही पाहावी.

ट्रान्सम घट्ट निघाल्यास जुनी भोके मोठी करून घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरावीत. नव्या बोल्टांच्या जागीही आधी मोठे भोक पाडावे, ते एपॉक्सीने भरावे आणि ते पूर्ण कडक झाल्यावर त्यातून बोल्टाच्या मापाचे भोक पाडावे. अशाने बोल्ट लाकडाला स्पर्शच करत नाही. पुढे सीलंट गळले तरी लाकूड कोरडे राहते. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळणाऱ्यांच्याच होड्या पुढे दुरुस्तीला येतात, असे माझे मत आहे.

आतून आधारपट्टी हवीच, नुसते वॉशर पुरत नाहीत. सुमारे 6 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा एपॉक्सीने सर्व बाजूंनी सील केलेले 12 ते 18 मिलिमीटरचे मरीन प्लायवूड चालते; तिचा आकार ब्रॅकेटच्या पायापेक्षा मोठा आणि कोपरे गोल असावेत. बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे असेल, तर खाऱ्या पाण्यात स्टीलच्या सान्निध्याने ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. सीलंट पॉलिसल्फाइड किंवा ब्युटाइल टेप असावा. सिलिकॉन टाळावे, कारण त्याचा अंश राहिलेल्या जागी नंतर रंगही धरत नाही. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेनही नको, अन्यथा पुढे ब्रॅकेट काढताना जेलकोट सोबत येईल. आवळताना बोल्ट स्थिर धरून आतला नट फिरवावा, म्हणजे सीलंटची बसलेली कडी तुटत नाही.

भोके पाडण्यापूर्वी होडी पाण्यात असताना पुठ्ठ्याचा नमुना लावून उंची ठरवावी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली राहिली पाहिजे, आणि तीही दोन माणसे पुढे नाळेजवळ उभी असताना. कारण तेव्हाच मागची बाजू उचलली जाते आणि पंखा हवा ओढू लागतो. सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवून ते पंख्याला लागत नाही ना, वर उचललेले इंजिन डोलकाठीच्या मागच्या ताणदोरीला अडत नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. ट्रान्सम तिरका असल्यास पाचर घालून इंजिन उभे राहील असे करावे. शेवटी इंजिनाला होडीवरच्या भक्कम कडीशी बांधणारी वेगळी साखळी असावी, कारण इंजिनाचे पकडस्क्रू कंपनाने सैल होतात.

प्रश्न : माझे इंजिन 15 इंची आखूड शाफ्टचे (इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याचे) आहे. ब्रॅकेट खाली बसवून भागेल का?

उत्तर : शांत पाण्यात भागेल. पण ब्रॅकेट जितके खाली, तितके इंजिनाचे डोके लाटांच्या जवळ येते आणि मागून येणारी लाट त्यावर फुटू शकते. शिवाय कॉकपिटमधून गिअरपर्यंत हात पोहोचणे कठीण होते. शिडाच्या होडीसाठी 20 इंची शाफ्ट किमान समजावा, ट्रान्सम उंच असेल तर 25 इंची. इंजिन चालू स्थितीत असेल, तर ते बदलून लांब शाफ्टचे घेणे हे ब्रॅकेटशी झगडत बसण्यापेक्षा स्वस्त पडते.