माओ यांगत्सेत बुडाला असता तर?

प्रश्न : माओ त्से तुंग १९७६ ऐवजी वीस वर्षं आधी गेला असता, तर चीनमधला तो भयंकर दुष्काळ आणि सांस्कृतिक क्रांती टळली असती का? की एका माणसाने एवढा फरक पडत नाही?

उत्तर : तुम्ही नेमकी वीस वर्षं म्हणालात, म्हणून एक प्रसंग आठवला. जून १९५६. वुहान. यांगत्सेवर पुलाचं काम चाललेलं, पाण्याला जबर ओढ. बासष्ट वर्षांचा माओ पोहायला निघालाय आणि सोबतचे लोक नको नको म्हणतायत. तो पोहला, वर त्यावर कविताही केली. समजा, नदीने त्याला परत दिलं नसतं.

माझ्या मते दुष्काळ टळला असता. निदान एवढी माणसं मेली नसती. हे हवेतलं बोलणं नाही. त्याच महिन्यात पक्षाचं मुखपत्र ‘पीपल्स डेली’च्या एका अग्रलेखाचा मसुदा माओकडे गेला होता. आशय असा, की घाई आवरा, झेपेल तेवढंच करा. पंतप्रधान चौ एन लाय आणि अर्थकारण पाहणारा चेन युन यांचंही तेच म्हणणं होतं. माओने त्यावर शेरा मारला, ‘मी हे वाचणार नाही’. तरीही अग्रलेख छापून आला! सप्टेंबरमध्ये पक्षाच्या आठव्या अधिवेशनात तर पक्षघटनेतून ‘माओ विचार’ हे शब्द वगळले गेले आणि मानद अध्यक्षपदाची सोय झाली. ती खुर्ची कोणासाठी, हे सांगायला नको. लगाम खेचणारी माणसं होती, आणि ती सत्तेत होती.

जानेवारी १९५८ मध्ये नाननिंगच्या बैठकीत माओने याच मंडळींना फैलावर घेतलं. पुढे चौला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली. मग आली ‘मोठी झेप’, म्हणजे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची माओची मोहीम. पोलादाचं उद्दिष्ट एका वर्षात दुप्पट, १ कोटी ७ लाख टन. परसात भट्ट्या पेटल्या, घरातल्या कढया त्यात गेल्या आणि बाहेर आलं ते बहुतेक कुचकामी लोखंड. माणसं भट्टीवर, पीक शेतात कुजतंय, कागदावर मात्र विक्रमी उत्पादन. आणि सरकारी धान्यवसुली त्या कागदाच्या हिशेबाने. १९५९ मध्ये लुशानच्या पक्षबैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआईने पत्र लिहून धोका सांगितला, तर त्याचंच पद गेलं. त्यानंतर कोण तोंड उघडणार? दुष्काळातल्या मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

पण माओनंतर सूत्रं ज्यांच्याकडे गेली असती, त्या लिऊ शाओची आणि डेंग श्याओपिंग या पक्षनेत्यांना देव करू नका. १९५७ ची ‘उजव्यां’विरुद्धची, म्हणजे पक्षाच्या टीकाकारांविरुद्धची मोहीम डेंगनेच राबवली, साडेपाच लाखांवर शिक्का बसला. १९५८ मध्ये लिऊही मोठ्या झेपेचे ढोल बडवत होता. माओ गेला असता तरी एका पक्षाचं राज्य आणि तुरुंग होते तसेच राहिले असते. फरक एवढाच, की चूक डोळ्यांनी पाहिल्यावर लिऊ थबकला. १९६१ मध्ये तो हुनानमधल्या आपल्या गावी जाऊन आला. पुढच्या वर्षी सात हजार कार्यकर्त्यांपुढे त्याने तिथल्या शेतकऱ्यांचे बोल ऐकवले : तीन हिस्से निसर्गाचा कोप, सात हिस्से माणसांची करणी. सांस्कृतिक क्रांतीत त्याचं पद गेलं आणि १९६९ मध्ये तो कायफंगला कैदेत मेला. ती क्रांती टळली असती, याबद्दल मला शंकाच नाही. आपल्याच पक्षावर शाळा-कॉलेजांतली पोरं सोडणं माओशिवाय कोणाला जमलंही नसतं, सुचलंही नसतं.

आणखी एक गोष्ट, माझी आवडती. १९६१ मध्ये आनह्वेई प्रांतात सामूहिक शेतं कसायला एकेका कुटुंबाकडे सोपवून पाहिली. (परवानगी देणारा प्रांतप्रमुख आधी आकडे फुगवणाऱ्यांतला, हेही खरं.) पुढच्या वर्षी माओने तो प्रकार बंद पाडला. डिसेंबर १९७८ मध्ये, माओ जाऊन दोन वर्षं झाल्यावर, त्याच प्रांतातल्या श्याओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी चोरून एका कागदावर लाल अंगठे उठवले आणि शेतं पुन्हा वाटून घेतली. पकडलं गेलो तर मुलांना सांभाळा, असंही त्या कागदात लिहिलं होतं.